केतकीच्या पाठीमागची जागा

८ नोव्हें., शनि.

सीझनची पहिली बैठक झाली. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या माडीवर, नेहमीसारखी. खाली दात, वर गाणं. जिन्यात चपलांचा ढीग आणि लवंगेच्या तेलाचा वास. मागच्या वर्षी डॉक्टरांनी 'ऋतू' हा विषय घेतला होता, यंदा 'प्रेम आणि युद्ध'. नोव्हेंबर ते मार्च, दर महिन्याचा दुसरा शनिवार. पन्नासएक माणसं, माईक नाही. प्रास्ताविक इतकं लांबलं की आमच्या गाण्याच्या बाई मागे वळून मला पुटपुटल्या, "युद्ध संपलं वाटतं. आता तह चाललाय."

आधी बाई गायल्या, मग केतकी. आजचा विषय लढाईवर गेलेल्यांच्या बायका. मी तानपुऱ्यावर. म्हणजे मागे. म्हणजे अख्खी संध्याकाळ तिची पाठ. वेणी, मानेवरचा तीळ, श्वास घेताना उचलला जाणारा उजवा खांदा. ज्यांना तिचं आडनाव माहीत नाही त्यांनाही तिचा चेहरा दिसतो. मला पाठ.

बाईंच्या क्लासचा नियम: आधी आलेला तो दादा, आधी आलेली ती ताई. के. माझ्याहून एका वर्षाने मोठी, गाण्यात दहा. म्हणून 'केतकीताई' म्हणायचं. मी काहीच म्हणत नाही. "ऐक ना", "ते जरा", नाहीतर खाकरणं. एवढ्यावर वर्ष काढलंय.

९ नोव्हें.

जानोरीला, घरी. सकाळपासून पॉलिहाउसमध्ये गुलाब कापले. अण्णा आले तेच तोंड वाजवत.

"इंजिनेरिंग सोडलं. म्हनलं चला, शेती तरी करंल. तर ह्ये बाईमाणसाच्या मागं बसून तुणतुणं वाजवतंय."

"तानपुरा."

"त्येच त्ये."

शेवटी सौदा ठरला. मार्चपर्यंत तुझं गाणं, मार्च संपला की चांदवड. मामाच्या कांद्याच्या गाळ्यावर बसायचं, परत यायची भाषा नाय. मी हो म्हणालो. डोकं तापलं की मी कशालाही हो म्हणतो, नाहीतर कशालाही नाही. तिसऱ्या वर्षाला व्हायव्हात सरांशी वाजलं, फाइल टेबलावर आपटून निघालो तो परत गेलोच नाही. तेव्हापासून घरात माझ्या दोन्ही शब्दांना किंमत नाही.

मार्च लांब आहे.

२ डिसें.

बाईंकडे पंचवटीत. तार छेडताना बोलणी खाल्ली. के.चा रियाज चालू होता, द्रुत लयीत आली आणि माझी बोटं तबल्याच्या ठेक्यात शिरली. बाईंनी हातातला चष्मा खाली ठेवला. चष्मा ठेवला की समजायचं.

"काय करतोयस?"

"काही नाही."

"तेच. तुझं काम काहीच न करण्याचं आहे आणि तेही तुला जमत नाही. तबला कुठेही पळू दे, ती कुठेही जाऊ दे, तू जागेवर. तुझी चाल वेगळी. तू तिच्याबरोबर जायचं नाही, तिने परत यायचं तुझ्याकडे. कळलं का?"

कळलं. चांगलंच कळलं.

मग खरी बातमी. बाईंनी के.साठी कोलकात्याच्या एका गुरुकुलात विचारलंय. तीन वर्षं तिथंच राहून शिकायचं. त्यांना बैठकीचं रेकॉर्डिंग पाहिजे, न कापलेलं, न जोडलेलं, मार्चअखेर पाठवायचं. "सीझनमधली सगळ्यात चांगली बैठक पाठवू," बाई म्हणाल्या. के.ने मान डोलावली. मी मागून पाहिली ती मान. खूश दिसत होती.

मार्च अचानक जवळ आला.

१३ डिसें., शनि.

दुसरी बैठक. वीररस. डॉक्टरांना अडाणाच हवा होता. बाई म्हणाल्या, "संध्याकाळी सातला? तो रात्रीचा राग आहे." डॉक्टर म्हणाले, "बाई, युद्ध काय घड्याळ बघून होतं का?" बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दात काढून घ्यायची पाळी डॉक्टरांवर यावी.

पहिल्या रांगेत सुभेदारकाका, के.चे वडील. आयुष्य तोफखान्यात गेलं, कान तिथेच ठेवून आले. डाव्याने अजिबात नाही, उजव्याने ओरडलं तर. तरी प्रत्येक बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून सर्वांत आधी. त्यांच्या देवळालीच्या घरी रियाजाला गेलो की लांबून तोफांचा सराव ऐकू येतो, खिडकीची काच थरथरते. के. गाणं थांबवत नाही. काका पेपर वाचत असतात, त्यांना दोन्ही ऐकू येत नाही.

गाणं बरं झालं. "बरंच झालं, चांगलं नाही," बाई. म्हणजे हे रेकॉर्डिंग जाणार नाही. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

१० जाने., शनि.

काय करून बसलो.

तिसरी बैठक, विषय प्रेमिकांचं भांडण. पुण्याहून तबल्याला नवा माणूस आणला होता, निखिल. चांगला हात, वाईट हसू. द्रुतमध्ये के.च्या अंगावर आला. ती तान घेते तिथेच हा जोरात, प्रत्येक वेळी. लोकांना वाटलं रंगलंय, टाळ्या. मला तिचे खांदे दिसत होते. ताठ झाले होते. मी मागून काय करणार? सा, सा, सा.

संपल्यावर जिन्यात, चपलांपाशी, तो डॉक्टरांना सांगत होता, "आवाज गोड आहे ताईंचा. लय झेपत नाही, बाकी ठीक."

मी त्याचा कुर्ता धरला. बटण तुटलं. डॉक्टर मध्ये पडले. वरून सगळे बघत होते.

११ जाने.

बाईंचा फोन. "येशील तेव्हा तानपुऱ्याची गवसणी परत आण. मी पेटी मागवली आहे." पेटी म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, डब्याएवढा, बटण दाबलं की झालं.

मी म्हणालो, "बाई, त्याने—"

"अभिजित, पेटीला राग येत नाही."

फोन ठेवला. म्हणजे मी डब्याहून कमी. अण्णा बरोबर म्हणत होते म्हणायचं.

१४ जाने.

संक्रांत. गवसणी द्यायला गेलो. के. होती. तिळगूळ हातावर ठेवला, पुढचं वाक्य म्हणाली नाही. सगळ्या गच्च्यांवर पोरं पतंगासाठी बोंबलत होती. मग म्हणाली,

"माझं भांडण मी गाऊन करत होते. शेवटच्या तिहाईला त्याला चुकवलं, लक्षात आलं का तुझ्या?"

नव्हतं आलं. मी खांदे बघत होतो.

"मग तू कोण माझ्यासाठी मारामारी करणारा?"

गवसणी ठेवली आणि निघालो.

२५ जाने.

शेतावर युद्ध सुरू. व्हॅलेंटाइनचा माल. अंधारात कापायचं, उजाडायच्या आत शेडमध्ये, देठ मोजून प्रतवारी, कळीला जाळी, बादलीत. सगळ्या जगाच्या प्रेमाची सोय आमच्या शेडमध्ये होते आणि शेडमधली माणसं एकमेकांवर खेकसतात. अण्णा: "हातमोजं घाल." नाही घालत. घातले की बोटांना काही कळत नाही. उजव्या तर्जनीत काटा मोडलाय, पूर्ण निघाला नाही. कशाला काढायचा? वाजवायचं तर नाहीच.

४ फेब्रु.

के.चा मेसेज. पहिल्यांदा.

"चौदाला ये. बाईंना विचारलंय."

मी: "पेटी?"

"भिंतीसारखी आहे. टेकता येतं, पण मागे कोणी नाही असं वाटतं."

किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

पॉलिहाउसमधून पळत बाहेर आलो. अण्णांनी विचारलं, काय झालं, साप निघाला का.

१४ फेब्रु., शनि. (उजाडताच, शेडवर)

माल काल गेला. उरलेत ते वाकड्या मानेचे, ते बाहेर जात नाहीत. अण्णांना विचारून त्यातले दोन गठ्ठे घेतले डॉक्टरांसाठी. "बैठकीला शोभा." अण्णांनी स्वतः सुतळी बांधून दिली. त्यांना काय वाटतं काय माहीत.

१५ फेब्रु.

लिहून टाकतो.

गुलाब डॉक्टरांच्या बायकोने तांब्यात घालून दोन्ही बाजूंना ठेवले. के. आली, तांब्याकडे बघितलं, एक वाकडा उचलला. "हा का टाकून दिला?" मी म्हणालो, मान वाकडी आहे. "माझीही असते गाताना," म्हणाली आणि वेणीत खोवला. मागे. जिथे फक्त मला दिसतो.

यमन. तबल्याला निखिलच. बाईंनी मुद्दाम बोलावला असणार, माझ्यासमोर बसवायला. त्याने नमस्कार केला, मीही केला. सगळं नीट. आलाप असा की हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. मी गुलाब बघत होतो. ती वर जायची तेव्हा तो जरा हलायचा.

पुढचं मला नीट आठवत नाही, तीच तर गडबड आहे. छान चाललंय असं वाटत होतं. इतकं छान कधीच वाजवलं नव्हतं असं वाटत होतं.

१६ फेब्रु.

बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. आम्ही तिघं. आलापभर चेहरा निवळलेला त्यांचा, मी मनात म्हटलं, गेलं हे कोलकात्याला. मग द्रुत. बाईंनी चष्मा खाली ठेवला.

"ऐक. इथे कोण पळतंय?"

ऐकलं. माझा तानपुरा. तिच्या मागे मागे. ती लय वाढवते, तार वाढवते. ती तान घेऊन उतरते, तार तिच्याबरोबर उतरते. ती समेवर येते तिथे सा टपून बसलेला. शेवटाला तर ती जिकडे जाईल तिकडे मी, मांजरासारखा पायात. पन्नास माणसांसमोर. सगळं ऐकू येत होतं, आंधळ्यालाही कळलं असतं.

बाई फक्त म्हणाल्या, "हे पाठवता येणार नाही." आणि चहा टाकायला आत गेल्या. कधी जात नाहीत.

के. खिडकीकडे बघत होती. कान लाल.

खाली गाडीपाशी आली. "अभिजित, मला पाठ फिरवून बसावं लागतं. मागचं मला फक्त ऐकू येतं." वेणी पुढे घेतली. "परवा ऐकू आलं."

मी गाडीला किल्ली लावली.

"मला मागे न हलणारं कोणीतरी हवंय. नाहीतर मला लांब जाताच येत नाही."

लांब म्हणजे कुठे, हे मी विचारायला हवं होतं. मी किक मारली. गाडी सुरूच होईना. ती तिथेच उभी, मी किका मारतोय. शेवटी ढकलत रामकुंडापर्यंत नेली.

२२ फेब्रु.

गेलो नाही बाईंकडे. फोन आले, घेतले नाहीत. मामाला फोन केला, म्हटलं आत्ताच येतो. मामा म्हणाला, ये की, लय काम हाय. अण्णांना सांगितलं तर ते खूश व्हायच्या ऐवजी म्हणाले, "मार्च म्हनला होता ना? शब्द तुझा हाय." ह्या घरात माझ्या शब्दाला आत्ताच किंमत यायची होती.

कुठेही जायला जागा नाही. शेड, घर, शेड. पॉलिहाउसच्या प्लास्टिकखाली दुपारी श्वास घेता येत नाही.

२८ फेब्रु.

पंचवटीत फुलबाजारात माल टाकायला गेलो तर सुभेदारकाका पूजेची फुलं घेत उभे. चुकवणार होतो, त्यांनी हाक मारली, अख्खा बाजार वळला. ऐकू येत नसल्याने ते हळू बोलतच नाहीत.

"जवान. चौदाला बोटं पळाली तुझी."

"तुम्हाला ऐकू—" मी ओरडलो.

"दिसतं मला. मी गाणं बघतो. पोरीचा हात बघतो, तुझी बोटं बघतो. दर वेळी तुझी बोटं एका चालीनं असतात, मग मला कळतं की गाणं नीट चाललंय. त्या दिवशी कळेना, माझीच नजर गेली की काय." झेंडूवाली हसायला लागली. काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आमच्याकडे जागा सोडली तर त्या माणसाला पुन्हा तोफेवर घेत नसत. तुझ्या बाई घेतायत. जा."

"काका, ती जाईल मग." हे मी हळू म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं. तोंडाकडे बघत होते माझ्या.

"मलाही घरी एकट्याला राहायचंय," म्हणाले. आणि झेंडूचे भाव करायला लागले.

१ मार्च

गेलो. बाईंनी तानपुरा पुढे सरकवला. शेवटच्या बैठकीला मारवा. 'युद्धानंतर' असं डॉक्टरांनी नाव दिलंय. मारव्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादाला लावायची. तारा कशाला लावायच्या हे नेहमी के. सांगते, मी लावतो. आजही तेवढंच बोलणं. "निषाद." "हं."

मारव्याची गंमत म्हणजे गाणारा षड्जावर टेकतच नाही. आसपास फिरतो, जवळ येतो, परत जातो. षड्ज फक्त माझ्याकडे. मी देत राहायचा, ती घेणार नाही.

काटा अजून बोटात आहे. दुखतो. आईने सुई दाखवली, म्हटलं नको.

१३ मार्च

उद्या.

खरं लिहितो, इथे नाही तर कुठे. उद्या मी जरा पळालो तर रेकॉर्डिंग जाणार नाही. कोणाला मुद्दाम वाटणारही नाही, माझं नावच आहे तसं. बाई म्हणतील गाढव. के. इथेच राहील. शाळेत संगीत शिकवेल, देवळालीत रियाज करेल, बाईंकडे येईल. मी चांदवडहून रविवारी येऊ शकतो. बस आहे.

दिवसभर हेच डोक्यात. कात्रीने दोनदा चांगली कळी कापली.

१४ मार्च, शनि.

शेवटची बैठक. साडेसहाला बसलो, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिच्या पाठीवर. वेणीत काही नाही.

ती सुरू झाली. डोळे मिटले. पहिल्यांदा. पाठ बघितलीच नाही. पहिली तार, जोड, खर्ज. पहिली तार, जोड, खर्ज. ती लांब गेली. इतकी लांब की एकदा वाटलं आता परत येत नाही. बोटांना ओढ लागली, सगळा हात खेचला जात होता, खांद्यापर्यंत. काटा टोचत होता, त्याच्यावर लक्ष ठेवलं. निखिलने ठेका धरला. बोटं आपल्या चालीने. ती जाईल, ती जाईल, असं आत चाललेलं, आणि हात जागेवर.

केव्हातरी ती षड्जावर आली. आली आणि राहिली. नेहमी येऊन लगेच जाते. आज राहिली. मारव्यात असं करत नाहीत.

डोळे उघडले तेव्हा काका माझ्या बोटांकडे बघत होते. मान डोलावली.

तिने संपवलं, लोक टाळ्या वाजवत होते, मी वाजवतच होतो. तानपुरा शेवटी थांबतो. ती वळली. पूर्ण. सीझनभरात पहिल्यांदा गाणं झाल्या झाल्या चेहरा दिसला. घामेजलेली, डोळे कुठे तरी लांब. बघत राहिली. मग निखिलने काहीतरी विचारलं.

जिन्यात बाई माझ्या खांद्यावर हात टेकून उतरल्या. "आज तू नव्हतासच," म्हणाल्या.

याच्याहून मोठं कौतुक बाईंनी कुणाचं केलेलं नाही. घरी येऊन जेवलो नाही.

१७ मार्च

रेकॉर्डिंग गेलं. डॉक्टरांनी मलाही पाठवलं. ऐकलं नाही.

अण्णांनी विचारलं, "झालं का तुमचं?" मग, बऱ्याच वेळाने, "कसं झालं?"

म्हटलं, चांगलं.

"हं. मग त्वांड का पाडलंय?"

३० मार्च

बॅग भरून झाली. उद्या सकाळी मामाची पिकअप कांदे टाकून इकडून जाईल, तीत बसायचं. आई शर्टांच्या घड्या करतेय, कोणी मेल्यासारख्या.

दुपारी मेसेज.

"निकाल आला. फोनवर नाही सांगत. संध्याकाळी बाईंकडे ये. मी यायच्या आधी तानपुरा लावून ठेव."

म्हणजे हो असणार. किंवा नाही असणार, आणि गाऊन मन मोकळं करायचं असणार. हो असतं तर फोनवर सांगितलं असतं. नाही असतं तर लावून ठेव म्हणाली नसती. डोकं फिरायची वेळ आली.

विचारलं, "पहिली तार कशाला लावू? पंचम, मध्यम, निषाद?"

बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत होतं. मग आलं,

"तू ठरव."

म्हणजे राग मी निवडायचा. वर्षभरात हे कधी म्हणाली नाही.

आईकडून सुई घेतली आणि काटा काढला. एवढासा होता. जरासं रक्त आलं. अण्णा बघत होते, म्हणाले, "गाडी माझी घेऊन जा. तुझी परत बंद पडंल."

उत्तर लिहिलं. "येतो, केतकी." बोट बटणावर ठेवून बसलो. पुढे 'ताई' लावून बघितलं, काढलं. तसंच पाठवलं.

दोन्ही खुणा निळ्या झाल्यात. अजून काही आलेलं नाही. अण्णांच्या गाडीची चावी हातात आहे, पहिली तार अजून ठरलेली नाही. निघतो.